साज हवाय ना, मग मुलीचं नाव कशाला?

सांगली जिल्ह्यातून एका शिक्षिकेचं पत्र आलंय. वय ४६, खासगी शाळेत नोकरी, संध्याकाळी घरी ट्यूशन, मिस्टर सूतगिरणीत सुपरवायझर, मुलगी बारावीला. पत्र आठ पानी आहे त्यामुळे सगळं देत नाही, थोडक्यात सांगते. मंगळसूत्र गाठवायला म्हणून कोल्हापूरला गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात, गेल्या होत्या, तिथे तीन तोळ्यांचा कोल्हापुरी साज गळ्यात घालून बघितला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. भिशीचे २ लाख हातात आलेत, उरलेले एफडी मोडून घालायचा विचार आहे. पुढे त्यांच्याच शब्दांत: "मुलीच्या लग्नासाठी आत्तापासून करून ठेवलेलं बरं ना ताई, सोनं काही खाली येत नाही, ही गुंतवणूकच आहे. मिस्टरांना सध्या दीड तोळ्याचा आहे आणि माझं जुनं मोडून केलाय असंच सांगणार आहे, नाहीतर उगाच डोक्याला ताप. पावती मुलीच्याच नावाने करावी म्हणते, म्हणजे प्रश्नच नाही. मी काही चुकीचं करतेय का?"

ताई म्हणालात म्हणून मोठ्या बहिणीच्या अधिकाराने लिहिते हं, रागावू नका.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन, कारण पहिल्यांदा वाचताना काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग मोजलं. "मुलीसाठी" हे सात वेळा आलंय. "गुंतवणूक" चार वेळा. आणि "जाऊबाई" पण चारच वेळा, त्यातल्या एका ठिकाणी तर तुम्ही स्वतःहून लिहिलंय की "जाऊबाईंनी पुतण्याच्या मुंजीत साज घातला होता त्याचा याच्याशी काही संबंध नाही बरं का". मी विचारलं होतं का? नव्हतं विचारलं ना, मग. घरात कुणी काही बोललेलं नसताना मूल आपणहून येऊन सांगतं की मी डब्यातला लाडू खाल्ला नाही, तेव्हा आई काय करते, आधी डबा उघडून बघते.

पण मला खरी गंमत तुमच्या पाचव्या पानावर वाटली. आधीची चार पानं कशी, शाळेतल्या अहवालासारखी, सोन्याचे भाव, मुलीचं वय, पुढच्या सहा-सात वर्षांचा हिशोब. आणि पाचव्या पानावर एकदम अक्षरच बदललंय. दुकानातल्या पोऱ्याने मागून फासा लावला तेव्हा मानेवर गार लागलं, त्याने आरसा जरा तिरका धरला, पानड्या, साजातली ती छोटी पदकं, एकमेकींवर हलल्या तो बारीक आवाज, आणि तुम्ही लिहिता की "मी दोन मिनिटं काही बोललेच नाही". अहो तिथेच झाला साज घेऊन. पुढची कारणं तुम्ही एसटीत बसल्यावर जमवलीत, कोल्हापूर ते सांगली तेवढा वेळ मिळतोच की.

यात तुमचं काही वेगळं नाहीये. आपण सगळे असंच करतो, आधी मन जातं आणि मग बुद्धी मागून धावत जाऊन त्याच्यासाठी कागदपत्रं गोळा करते. १९५६ साली अमेरिकेत जॅक ब्रेम म्हणून एका मानसशास्त्रज्ञाने याचा साधा प्रयोग केला होता. मुलींना घरातल्या वापराच्या वस्तू दाखवल्या, टोस्टर, रेडिओ असल्या, आणि प्रत्येकीला किती आवडली त्याचे गुण द्यायला लावले. मग साधारण सारख्याच आवडलेल्या दोन वस्तूंपैकी एक निवडा, तुम्हालाच देतो म्हणाला. निवडून झाल्यावर परत गुण द्यायला लावले तर निवडलेलीचे गुण चढले आणि सोडलेलीचे उतरले. वस्तू त्याच, मुली त्याच. तुमच्या पत्रात त्या ठुशीचं तेच झालंय बघा. दोन वर्षं तुम्हाला ठुशी घ्यायची होती असं तुम्हीच लिहिलंय, आणि आता तीच ठुशी गळ्याला घट्ट बसते, घामाला टोचते, आणि "हल्ली सगळ्याच घालतात". दोन वर्षं नव्हती टोचत ती.

आता तुमची कारणं एकेक करून बघू, कारण तुम्ही गणित शिकवता आणि मला गणित घालूनच पाठवलंय.

गुंतवणूक म्हणता ना. तुम्ही लिहिलेले आकडेच घेते. भाव तोळ्याला १ लाख, तीन तोळ्यांचे ३ लाख. घडणावळ सोनाराने १८ टक्के सांगितली, म्हणजे ५४ हजार. त्या सगळ्यावर ३ टक्के जीएसटी, १०,६२०. झाले ३,६४,६२०. आता समजा दुसऱ्याच दिवशी अडचण आली आणि तुम्ही तोच साज घेऊन परत त्याच दुकानात गेलात, तर घडणावळ आणि टॅक्स परत मिळत नाही, म्हणजे ६४,६२० रुपये दुकानाची पायरी उतरतानाच गेले, आणि मोडीला घट धरतात ती वेगळीच. शिवाय साजाच्या पानड्या काही भरीव नसतात, पत्र्याच्या असतात आणि आत लाख भरलेली असते, त्यामुळे काट्यावर दिसलं तेवढं सगळं सोनं नव्हे. गुंतवणूकच करायची असती तर तुम्ही वेढणी घेतली असती, नाणं घेतलं असतं, गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारातलं कागदावरचं सोनं, घेतलं असतं, त्याला फासा नसतो आणि आरसाही लागत नाही. सोनं वाढेलही, २०२५ मध्ये तोळा लाखाच्या पार गेलेला सगळ्यांनी पाहिला, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्हाला सोनं नकोय हो, साज हवाय. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी काही कमीपणाची नाही.

मग भिशी. "माझे साठवलेले २ लाख" असं लिहिलंय. वीस जणींची भिशी, महिना १० हजार, तुमचा नंबर तिसरा लागला. म्हणजे तुमचे भरून झालेत ३० हजार आणि अजून १७ हप्ते भरायचेत, १ लाख ७० हजार. ते साठवलेले नाहीत ताई, उसने आहेत, आणि ते दर महिन्याला ट्यूशनच्या फीमधून फेडायचेत. पोरांना उदाहरण सोडवताना तुम्ही ही चूक एका मिनिटात पकडली असती, लाल पेनाने गोल केला असता. तरी हे मला त्यातल्या त्यात चालण्यासारखं वाटतं कारण ते फेडणार तुम्हीच आहात, स्वतःच्या कमाईतून, त्यावर कुणी बोलायचं कारण नाही.

पण एफडी. इथे मात्र मी पेन खाली ठेवलं. सहाव्या पानावर सगळ्यात खाली, घाईत लिहिल्यासारखं, "तिच्या ॲडमिशनसाठी ठेवलेली दोघांच्या नावावरची एफडी आहे, पण ॲडमिशनला अजून वेळ आहे". बारावीला आहे ना ती? मग वेळ कसला, जून-जुलैत फी भरायला लागेल. म्हणजे बघा, साज मुलीसाठी, आणि पैसे मुलीच्या शिक्षणाचे. तिच्याच खिशातून काढून तिलाच दागिना करायचा, जो तिने मागितलेला नाही, आणि तोपर्यंत घालणार तुम्ही. हे वाचताना मला तुमचा राग नाही आला, पोटात मात्र जरा कालवलं, कारण ह्या गोष्टीची दुसरी बाजू मी भोगली आहे.

माझ्या आईने पाटल्या केल्या होत्या. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. घरात नवीन सोनं आलं की कारण लागतंच, तिचं कारण मी होते, "हिच्या लग्नाला". त्या पाटल्या तिने बारा वर्षं स्वतःच्या हातात घातल्या, छान दिसायच्या, तिच्या गव्हाळ मनगटाला शोभायच्या. पण मला जेव्हा सहलीला जायचं होतं, जेव्हा टायपिंगचा क्लास लावायचा होता, जेव्हा कॉलेजला होस्टेलचं निघालं, तेव्हा प्रत्येक वेळी "तुझ्यासाठी एवढ्या पाटल्या करून ठेवल्यात आणि वर हे" असं ऐकलं. माझ्या नावावर खातं होतं आणि त्यात सगळ्या नुसत्या वजा नोंदी. लग्नात तिने त्या काढून माझ्या हातात घातल्या, रडली, मी पण रडले, आणि अल्बममध्ये आजही तिचे ते मोकळे हात दिसतात, काचेच्या बांगड्या आणि त्यामागे उन्हाने न रापलेला पांढुरका पट्टा. मला मोठ्या पडल्या त्या. आवडल्याही नाहीत, खरं सांगायचं तर. लॉकरमध्ये आहेत. तिने जर तेव्हा सरळ म्हटलं असतं की मला पाटल्या हव्यात, मी करतेय, तर तिला त्या शेवटपर्यंत घालता आल्या असत्या आणि मला टायपिंग आलं असतं.

म्हणून सांगते, हौस कुणाची ते एकदा ठरलं पाहिजे, कारण हौस ज्याच्या नावावर मांडता त्याच्याकडून कधीतरी वसुली होते, आपल्याला न कळत होते, भांडणात होते. तुमच्या मुलीने उद्या सांगितलं की मला लग्नच करायचं नाही, किंवा नोंदणी पद्धतीने करायचंय आणि दागिने नकोत, तर तुम्ही काय म्हणणार आहात ते मला आत्ताच ऐकू येतंय.

आता जाऊबाई. त्यांना एवढं लपवायला काय झालं? पुण्याच्या जाऊबाई मुंजीला साज घालून आल्या, सगळ्या बायका त्यांच्याभोवती, सासूबाईंनी पदर सारून पानड्या मोजल्या, आणि तुम्ही पंगतीत वाढत होतात. एवढं बारीक वर्णन तुम्हीच केलंय. लागलं तुम्हाला. लागणारच, गेली वीस वर्षं सासूबाईंचं दुखणंखुपणं तुम्ही काढलं आणि कौतुक दोन दिवस आलेल्या बाईच्या गळ्याचं झालं. यात मत्सर आहे, हो आहे, पण त्यात हक्काचं असं काहीतरी पण आहे जे तुम्ही कधी मागितलं नाही. फक्त एक सांगते, ते साजाने मिळणार नाही. सासूबाई तुमच्याही पानड्या मोजतील आणि म्हणतील, मोठीच्यात जास्त आहेत. अशा सासवा मी पाहिल्यात, माझ्या घरातच होती एक.

आणि मग तुमचा ताजा कलम. आठव्या पानाच्या पाठीमागे, तिरकं, "माझ्या आईचा साज भावाच्या इंजिनिअरिंगच्या वेळी मोडला, तेव्हापासून ती लग्नाकार्यात पदर गळ्याभोवती घेऊन बसायची, हे सहज आठवलं म्हणून लिहिलं".

सहज म्हणे.

इथे थांबून मी चहा करून आले. कुणीही वाचलं असतं तर म्हणालं असतं, बघा, हे खरं कारण, बाकी सगळं वरवरचं, आईचा मोडलेला साज लेकीला परत उभा करायचाय. आणि तुम्हालाही ते पटलं असतं, डोळे भरून आले असते, आणि दुसऱ्या दिवशी एफडी मोडली असती. म्हणून मी असं म्हणणार नाही. आईचं कारण सगळ्यात सुंदर आहे एवढ्यावरून ते सगळ्यात खरं ठरत नाही. उलट आपल्याला स्वतःची जी कारणं फार छान वाटतात त्यांच्याकडे जरा जास्तच निरखून बघावं असं मला आता वाटायला लागलंय, वयाचा परिणाम असेल. आईचं आठवलं हे खरं. जाऊबाईंचं लागलं हेही खरं. मुलीचं काहीतरी करून ठेवावं हीसुद्धा काही थाप नाही. आणि मान गार झाली, आरशात स्वतःकडे दोन मिनिटं बघत राहिलात, खूप वर्षांनी, हेही आहेच. एकाच भाजीत चार फोडण्या पडल्यात, आता त्यातली मोहरी वेगळी काढून दाखवा म्हटलं तर कशी काढणार. काढूही नका. हेतू धुऊन पुसून स्वच्छ झाल्यावरच माणसाने काही घ्यायचं असं ठरवलं तर गुजरी उद्या बंद होईल आणि लग्नंही.

मला म्हणून तुमच्या हेतूचं फारसं काही वाटत नाही. मला वाटतं ते त्या दीड तोळ्याचं. मिस्टरांना तीनचा दीड सांगणार, नवीन घेतलेलं जुनं मोडून केलं म्हणणार, आणि दोघांच्या नावावरची एफडी मोडणार, बँकेत त्यांची सही लागत असेल तर तीही कशी घेणार ते तुम्ही लिहिलेलं नाही. "उगाच डोक्याला ताप" म्हणता, पण ताप आत्ता एका संध्याकाळचा आहे, नंतर फी भरायच्या वेळी बँकेत जाऊन तो माणूस परत येईल तेव्हा काय कराल. शिवाय दीड तोळ्याचा साज म्हणून सांगितलेली वस्तू तीन तोळ्यांची दिसते हो, गिरणीत काम करणाऱ्या माणसाला वजनाचा अंदाज असतो, आणि नसला तर जाऊबाईंना असेल.

आणि हे बघा, तुम्हाला लाज नक्की कशाची वाटते ते यावरून कळतं. जी कारणं मला सांगितलीत, मुलगी, गुंतवणूक, ती जर तुम्हाला स्वतःला पटली असती तर मिस्टरांनाही तीच सांगितली असती की. त्यांना सांगायला तुम्ही वेगळीच गोष्ट रचलीत, म्हणजे ही दोन कारणं घरात टिकणार नाहीत हे तुम्हाला माहितीये. मला "चुकतेय का" विचारलंत ते मी "नाही हो, घ्या" म्हणावं म्हणून. ते मी अर्धंच म्हणते.

घ्या. एफडीला हात न लावता घ्या. तुमच्याच हिशोबाने एक तोळा सगळं धरून १,२१,५४० ला पडतो, म्हणजे दीड तोळ्याचा साज १,८२,३१० मध्ये बसतो, भिशीच्या २ लाखांत, वर १७ हजार उरतात. जे खोटं सांगणार होतात तेवढंच वजन घ्या, म्हणजे निदान ते तरी खरं होईल. पानड्या कमी येतील, येऊ देत. पूर्वीच्या पद्धतीच्या साजात २१ पानड्या धरतात, दशावताराच्या १०, अष्टमंगळाच्या ८, माणिक-पाचूची एकेक आणि एक ताईत, पण हल्ली वापरायच्या साजात १०-१२ वर भागवतात आणि मधल्या जावमण्यांनी गळा भरतो. आवाज तेवढ्यांचाही येतो.

मिस्टरांशी बोलताना मुलीचं नाव घेऊ नका, सोन्याच्या भावाचा चार्टही काढू नका. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर ते पान लावतात असं लिहिलंयत, तेव्हा सांगा की मला साज घ्यायचाय, माझ्यासाठी, भिशीचे पैसे आहेत, पुढचे हप्ते माझ्या ट्यूशनमधून जातील. बास. ते कदाचित म्हणतील कशाला आता या वयात. म्हणू देत. त्याला उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही, हवाय म्हणून, एवढं पुरतं. मला अशी वाक्यं बोलता यायला पन्नाशी उलटावी लागली, आणि अजूनही साडी घेताना "सेल होता" असं तोंडातून निघतंच. आणि ते नाही म्हणाले, खरंच पैशाची काही अडचण निघाली जी तुम्हाला माहीत नाही, तर थांबा, पुढच्या भिशीत शेवटचा नंबर मागून घ्या, म्हणजे ते पैसे खरोखर साठवलेले असतील.

दुकानात गेलात की काट्यावरचं एकूण वजन आणि लाख वजा जाता निव्वळ सोन्याचं वजन दोन्ही वेगवेगळं लिहून मागा. हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, एचयूआयडी म्हणतात त्याला, तो बघा, १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, साज लाखेचा आहे म्हणून टाळाटाळ केली तर सोनाराला नीट विचारून घ्या. घडणावळीवर घासाघीस करा, १८ वर थांबू नका. भिशीचे पैसे रोख असतील तर एवढंही लक्षात असू द्या की सोनाराला २ लाख किंवा त्याच्या वर रोख घेता येत नाही आणि खरेदी २ लाखांच्या वर गेली की पॅन मागतात, दीड तोळ्यात ती कटकटच नाही. फासा मळसूत्राचा घ्या, नुसत्या आकड्याचा नको, गर्दीत सुटतो. आणि पावती करताना नाव काय लिहू असं तो विचारेल, तेव्हा तुमचं सांगा.